बॅकअपची आठवण कॉम्प्युटरनेच करून द्यावी, अशी सोय होते का?

जोडाक्षर:

नमस्कार मंडळी. कराडला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे, 2004 पासून. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका आणि पावसाळा सरताना दोन दिवाळी अंकांची पानं. मशीन एकच, विंडोज 11 होम. कामाचं सगळं डी ड्राइव्हवर, 212 जीबी. बाहेरून लावायची 2 टीबीची डिस्कसुद्धा आहे. ड्रॉवरमध्ये असते, कोऱ्या पावतीपुस्तकांच्या खाली.

म्हणजे "ताई, एक हार्डडिस्क घ्या" हे उत्तर नको. डिस्क आहे, कॉपी-पेस्टही येतं. राहतं ते लक्षात ठेवणं.

गेल्या कार्तिकात तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांची रांग लागली. त्याच आठवड्यात एका सकाळी मशीन चालू केलं तर आतून टक... टक... टक. दुपारपर्यंत डी ड्राइव्ह दिसेनासा झाला. ड्रॉवरमधली डिस्क लावली, तर शेवटचा बॅकअप पाडव्याचा. गुढीपाडव्याचा हो, दिवाळीच्या पाडव्याचा असता तर कशाला रडले असते! सात महिन्यांचं काम गेलं. चालू असलेल्या एकोणीस पत्रिका गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रूफांवरून परत बसवल्या. एकीत नवऱ्या मुलाच्या आत्याचं नाव राहिलं. त्या बाई अजून दुकानावरून जाताना तोंड फिरवतात.

हसू नका, पण एक कबुली देते. कोरलमध्ये (मी पत्रिका ज्यात बसवते ते सॉफ्टवेअर) फाइल सेव्ह केली की शेजारी "बॅकअप ऑफ" अशी सुरुवात असलेली दुसरी फाइल आपोआप तयार होते ना? इतकी वर्षं ती बघून मला बरं वाटायचं. ती त्याच फोल्डरात, त्याच डिस्कवर असते, हे डिस्क गेल्यावर डोक्यात शिरलं.

आठवणीचे प्रयोग सगळे करून झाले. कालनिर्णयावर दर शनिवारी लाल गोल केले. दोन शनिवार पाळले, तिसऱ्यापासून ते गोल नुसतेच दिसायला लागले. मग फोनवर शनिवारी रात्री आठचा रिमाइंडर लावला. आठला मी गल्ला मोजत असते. अंगठा आपोआप फिरतो, रिमाइंडर जातो, आणि रात्री झोपताना आठवतं. हाताखालच्या मुलाला सांगितलं तर "घेतो की" म्हणतो. तीन वर्षं म्हणतोय.

मला हवंय ते असं की कॉम्प्युटरनेच आडवं यावं. उधारीसाठी आलेला कागदवाला कसा पैसे घेतल्याशिवाय पायरी उतरत नाही, तसं. होतं का असं काही?

ढगातला:

गूगल ड्राइव्ह टाका आणि विसरून जा.

जोडाक्षर:

फुकटात 15 जीबी मिळतं, माझं 212 आहे. आणि विसरायचंच असेल तर ते मला आत्ताही छान जमतं.

दहाबाराचापाना:

ताई, रिमाइंडर तुम्ही कितीही लावा, रिमाइंडर वाजल्यावर पुन्हा सगळं काम तुमच्याच अंगावर येतं: डिस्क काढा, लावा, फोल्डर शोधा, कॉपी करा, "रिप्लेस करू का" ला उत्तरं देत बसा. शनिवारी रात्री आठला कोण करेल? मीही नाही करणार. म्हणून कॉपी मशीनकडे द्या. माणसाकडे एकच काम ठेवा, डिस्क लावणं. आठवणही तेवढ्याचीच हवी, आणि तीही डिस्क लावलेली नसेल तेव्हाच.

विंडोजमध्ये यासाठी टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय असते, होम आवृत्तीतही. स्टार्टवर नाव टाइप करा, उघडेल. त्यात "क्रिएट बेसिक टास्क" घ्या, आठवड्यातून एकदा, वार आणि वेळ द्या. पुढे तो विचारेल की करायचं काय. तिथे "डिस्प्ले अ मेसेज" दिसेल आणि तुम्हाला वाटेल हेच तर हवं होतं. त्याच्यापुढे कंसात "डिप्रिकेटेड" लिहिलेलं आहे, म्हणजे ती सोय मोडीत काढलीय, चालत नाही. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवली आहे. इंटरनेटवर "एमएसजी" नावाची आज्ञा वापरा असं सांगणारे भेटतील, ती होम आवृत्तीत नसते. तुम्ही "स्टार्ट अ प्रोग्रॅम" घ्या आणि त्याला एक बॅच फाइल द्या.

बॅच फाइल म्हणजे नोटपॅडमध्ये लिहून "डॉट बॅट" नावाने सेव्ह केलेली साधी फाइल. (इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच इंग्रजीत टाइप करा.) तिचं काम असं:

आधी बघायचं, ई ड्राइव्ह, म्हणजे तुमची बाहेरची डिस्क, आहे का. "इफ एक्झिस्ट" ने विचारता येतं. नसेल तर "स्टार्ट" आज्ञेने एक जेपीजी चित्र उघडायचं. चित्र तुम्हीच करा, तुमचा धंदाच तो! नाहीतरी बॅच फाइल चालताना उघडते त्या काळ्या खिडकीत देवनागरी धड दिसत नाही. मग "टाइमआउट स्लॅश टी 1800", म्हणजे 1800 सेकंद, अर्धा तास थांबायचं. मग "गोटू" ने परत पहिल्या ओळीवर. डिस्क लागेपर्यंत दर अर्ध्या तासाने चित्र तोंडावर येत राहील. तुमचा कागदवाला.

डिस्क सापडली की "रोबोकॉपी", म्हणजे फाइली कॉपी करणारी आज्ञा. हे व्हिस्टापासून विंडोजमध्येच असतं, वेगळं काही घालावं लागत नाही. रोबोकॉपी, मग कुठून, मग कुठे, मग स्लॅश ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं. पहिल्या वेळी तास-दोन तास जातील. पुढच्या वेळेपासून तो नवं आणि बदललेलं तेवढंच उचलतो, चहा होईपर्यंत आटपतं. दोन गोष्टी मात्र विसरू नका. "स्लॅश आर कोलन 2" आणि "स्लॅश डब्ल्यू कोलन 5" लिहा. नाही लिहिलं तर एखादी फाइल उघडी असल्यामुळे अडली, तर तो दर 30 सेकंदांनी असा 10 लाख वेळा प्रयत्न करतो. हो, 10 लाख, मूळ सेटिंगच तसं आहे. आणि कोणी "स्लॅश एमआयआर" सांगितलं तर करू नका. तो आरसा असतो. तुम्ही डी वरून चुकून एखादं फोल्डर उडवलं, तर तो शनिवारी इमानदारीत डिस्कवरूनही उडवेल.

आता लाईट. शनिवारी ठरल्या वेळी लाईट नसेल तर मशीन बंद, मग टास्क त्या आठवड्याला बुडालं, आणि सांगतही नाही. बेसिक टास्क करताना हे विचारत नाहीत. नंतर टास्कवर डबल क्लिक करून "सेटिंग्ज" मध्ये जा आणि "रन टास्क ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड" वर खूण करा. मग सोमवारी शटर उघडून मशीन चालू केलं की दहाएक मिनिटांत ते राहिलेलं काम काढतं. लॅपटॉपवाल्यांनी शेजारचं "कंडिशन्स" पण बघावं, चार्जर लावलेला नसेल तर चालवू नको अशी खूण तिथे आधीपासून असते.

"जनरल" मध्ये "युजर लॉग ऑन असेल तरच" हेच राहू द्या. दुसरा पर्याय घेतलात तर सगळं पडद्यामागे चालतं आणि चित्र दिसतच नाही.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. लावूनच ठेवली तर आठवणीचीही गरज नाही असं कोणी म्हणेल, पण 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा ज्यांच्या डिस्का लावलेल्या होत्या त्यांचे बॅकअपही कुलूपबंद झाले. तुमच्याकडे तर दिवसभर परक्यांचे पेनड्राइव्ह.

तेरीज:

पानासाहेबांनी सगळं सांगितलंय. मी नाशिकला हिशेब लिहितो, माझी एक भर. वार निवडताना असा निवडा की त्या दिवशी तुम्ही त्याच वेळी काहीतरी ठरलेलं करताच. मी टॅलीचा बॅकअप बँकेची स्लिप भरायच्या वेळेला बांधलाय. कंपन्यांना तर ऑगस्ट 2022 पासून हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज ठेवायचा नियमच आहे, आधी "ठरावीक काळाने" एवढंच होतं. आमचे छोटे दुकानदार कंपनीत मोडत नाहीत, म्हणून ते निवांत आहेत. पण जीएसटीच्या वह्या 72 महिने दाखवता यायला हव्यात, आणि तिथे "साहेब, डिस्क टक टक करत होती" चालत नाही.

जाता जाता, 31 मार्च हा जागतिक बॅकअप दिन आहे. ज्याने तो ठरवला त्याने भारतात कधी हिशेब लिहिले नसणार. त्या दिवशी आम्हाला जेवायला वेळ नसतो.

जोडाक्षर:

पाना, तुम्हाला घरी पुरणपोळी. परवा रात्री बसून सगळं केलं. काळी खिडकी बघून आधी छातीत धडधडलं, पण रोबोकॉपीने शेवटी तक्ता दिला, किती फाइली, किती गेल्या, किती फेल. फेल खाली शून्य. तो शून्य मी तीनदा बघितला.

पोस्टर केलंय. लाल जमीन, पिवळी अक्षरं, 72 पॉइंट: "डिस्क लावली का गं?" वेळ शनिवार संध्याकाळी सहा. गल्ल्याच्या आधी, दिवाबत्तीच्या वेळी. तेरीज म्हणतात तसं, उदबत्ती लावते तेव्हा लागूनच ड्रॉवर.

हळकुंड:

सांगलीहून. ताई, डिस्क त्याच ड्रॉवरमध्ये परत ठेवताय का?

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं दुकान बाजारात. मी शहाणा, आदल्या रात्री कॉम्प्युटर टेबलावरून माळ्यावर चढवला आणि बॅकअपची डिस्कही त्याच्याच शेजारी, पिशवीत गुंडाळून. पाणी माळ्याच्या वर दोन वीत चढलं. सहाव्या दिवशी उघडलं तेव्हा दोन्हींत सारखाच गाळ होता.

आता माझ्याकडे दोन डिस्का आहेत. एक दुकानात, एक घरी, आणि दर महिन्याला अदलाबदल. तुमच्याकडेही कृष्णा आहेच, वर कोयना. जास्त काय सांगू.

जोडाक्षर:

हळकुंड, वाचून पोटात गोळा आला. दुसरी डिस्क घेते. पण त्याआधी या आठवड्याची गंमत ऐका.

शनिवारी सहाला मी उदबत्ती लावली आणि पोस्टर काही आलं नाही. काळी खिडकी आली आणि थेट कॉपी सुरू. मला वाटलं मुलाने डिस्क लावली असेल. मनातल्या मनात त्याला शाबासकीही दिली. मग खिडकीत "जागा नाही" अशा अर्थाचं इंग्रजी धडाधड यायला लागलं. 2 टीबीवर जागा नाही? ड्रॉवर उघडला तर डिस्क आत, पावतीपुस्तकांच्या खाली, जशीच्या तशी.

एक शिक्षक स्मरणिकेचे फोटो घेऊन आले होते. त्यांचा 32 जीबीचा पेनड्राइव्ह मशीनला. विंडोजने त्याला ई अक्षर दिलं, बॅच फाइलीने ई दिसला म्हणून आनंदाने त्यात ओतायला सुरुवात केली. मला हे कळायच्या आत ते पेनड्राइव्ह घेऊन गेले होते. रात्री नऊला फोन: "मॅडम, आमच्या स्मरणिकेत दीडशे लग्नं कुठून आली?"

लाज वाटली. लोकांच्या पत्रिका म्हणजे नावं, पत्ते, फोन नंबर. भल्या माणसाने दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह आणून समोर फोल्डर उडवू दिलं. पाना, आता काय?

दहाबाराचापाना:

चूक माझी. डीटीपीवाल्याकडे दिवसभर पेनड्राइव्ह येतात हे मीच लिहिलं आणि मीच ई लिहायला सांगितलं. पुरणपोळी रद्द समजतो.

दोन गोष्टी करा. तुमची डिस्क लावून "डिस्क मॅनेजमेंट" उघडा (स्टार्टवर राइट क्लिक केलं की यादीत आहे), डिस्कवर राइट क्लिक, "चेंज ड्राइव्ह लेटर", आणि तिला झेड द्या. नव्या पेनड्राइव्हला विंडोज पुढून मोकळं अक्षर देतं, झेडपर्यंत पोचायला तुमच्याकडे वीस गिऱ्हाइकं एकदम यायला हवीत. हे मशीन ती डिस्क ओळखून पुढच्या वेळीही झेडच देईल. दुसरी डिस्क आणलीत की तिलाही, पहिली काढून, झेडच द्या.

आणि तरीही अक्षरावर विसंबू नका. डिस्कवर एक रिकामी फाइल ठेवा, नाव काहीही, गिऱ्हाइकाकडे असणार नाही असं. बॅच फाइलीत "झेड आहे का" ऐवजी "झेडवर ही फाइल आहे का" असं विचारा. दोन्ही डिस्कांवर ती फाइल ठेवा.

जोडाक्षर:

केलं. फाइलीचं नाव "कुंकू". ज्या डिस्कच्या कपाळावर कुंकू, तीच आपली.

या शनिवारी पोस्टर आलं. गिऱ्हाईक समोर होतं, ते म्हणालं "कोण विचारतंय तुम्हाला?" बंद केलं. साडेसहाला परत. मुलगा पोटधरून हसला आणि ड्रॉवर उघडून त्यानेच डिस्क लावली. "घेतो की" न म्हणता.

तेरीज:

छान. आता त्या डिस्कवरची एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितलीत का? मी एकदा वर्षभर टॅलीचं चुकीचं फोल्डर कॉपी करत होतो. बॅकअप दर आठवड्याला वेळेवर, अगदी शिस्तीत. आत 2016 सालची बंद पडलेली कंपनी.

जोडाक्षर:

तेरीज, तुम्ही विचारलंत म्हणून रविवारी डिस्क घेऊन भाच्याकडे गेले. त्याच्याकडे कोरल आहे. एक पत्रिका उघडली. गणपती आला, कलश आला, वेलबुट्टी जागच्या जागी. आणि "श्री गजानन प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर, सगळी खिचडी. भाचा म्हणाला, "मावशी, व्हायरस आहे."

व्हायरस कसला. फॉन्ट नव्हता. आमचं जुनं काम सगळं युनिकोडच्या (कुठल्याही मशीनवर देवनागरी देवनागरीच दिसते ती पद्धत) आधीच्या फॉन्टांत आहे. त्यात "श" म्हणजे आतून कुठलं तरी इंग्रजी अक्षरच असतं, फॉन्ट असला तरच त्याचा श दिसतो. वीस वर्षांची कामं डिस्कवर नीट गेलीत, फक्त ती वाचता येणारं एकच मशीन आहे, आणि त्याचीच तर भीती.

फॉन्ट सी वर असतात हे माहीत होतं, बॅकअप मी डी चाच घेत होते. आणखी एक सापडलं. विंडोजच्या "फॉन्ट्स" फोल्डरात अर्धेच निघाले. अलीकडे नुसतं "इन्स्टॉल" दाबलं की फॉन्ट आपल्या युजरच्या फोल्डरात जातात, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असं खोल खोल, आणि ॲपडेटा लपवलेलं असतं. बॅच फाइलीत दोन ओळी वाढवल्या, दोन्ही ठिकाणांसाठी एकेक. भाच्याच्या मशीनवर ते घातले आणि पत्रिका परत उघडली. श्री गजानन प्रसन्न.

आता एकच राहिलं. टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं यूएसबीचं डोंगल आहे, 2004 चं, त्याच्याशिवाय ते सुरूच होत नाही. त्याचा बॅकअप कसा घेतात?

दहाबाराचापाना:

डोंगलचा बॅकअप नसतो, ताई. तिजोरीच्या किल्लीसारखं जपा आणि पुढची कामं युनिकोडमध्ये सुरू करा. जुन्यातली ज्यांची परत मागणी येते ती फॉन्ट आत बसवून पीडीएफ करून ठेवा, निदान छापता तरी येतील. कुठे ठेवता डोंगल?

जोडाक्षर:

ड्रॉवरमध्ये. पावतीपुस्तकांच्या खाली.